काउंटरवरच्या मुलीला काय दिसतं, ते घरीच बघून निघा

सांगलीत विश्रामबागला माझं तिकिटांचं छोटं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघालेली आई, मुलाकडे लंडनला सहा महिने राहायला चाललेले आजी-आजोबा, हे माझं नेहमीचं गिऱ्हाईक. २०२० च्या मार्चनंतर दोन वर्षं मी तिकिटं कमी काढली आणि नियमच जास्त वाचले. सकाळी शटर उघडलं की पहिला तास कुठला देश उघडला आणि कुठला मिटला हे बघण्यात जायचा. चहा त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी ५ मे २०२३ ला संपवली. फॉर्म गेले, स्वॅब गेले. पण काही देशांच्या प्रवासाला आरोग्याचे नियम आजही आहेत, आणि उद्या नवी साथ आली तर पहिल्या आठवड्यातच ही सगळी धावपळ पुन्हा सुरू होईल. म्हणून मी कसं तपासते ते लिहून ठेवते. लागणारी साधनं फुकट आहेत आणि साध्या फोनवर चालतात.

आधी पाठकोरा कागद घ्या

"दुबईला काय लागतं हो ताई?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुणाला? कारण तीच फ्लाइट, तीच तारीख, आणि शेजारशेजारच्या सीटवरच्या दोघांना नियम मात्र वेगवेगळे. २३ एप्रिल २०२१ ला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं तेव्हा हे फार स्वच्छ दिसलं. तिथला राहण्याचा परवाना असलेल्या मुलाला जाता येत होतं, फक्त पदरचे १,७५० पौंड मोजून दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायची तयारी हवी. त्याच मुलाला भेटायला व्हिजिट व्हिसावर निघालेल्या आईला मात्र दारच बंद.

तेव्हा वेबसाइट उघडायच्या आधी कागदावर पाच गोष्टी लिहा. पासपोर्ट कुठल्या देशाचा. दुसऱ्या देशाचा राहण्याचा परवाना आहे का. गेल्या चौदा दिवसांत कुठे कुठे होतात. लस कुठली, किती डोस, शेवटचा कधी. आणि विमान वाटेत कुठे कुठे टेकतं. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, कारण तिकिटावर ती बारीक अक्षरात असते आणि मुलाने फोनवर "आई, तुला काही करायचं नाही, नुसतं बसून राहा" असं सांगितलेलं असतं.

टिमॅटिक

विमानतळावर तुम्हाला अडवते ती चेक-इन काउंटरवरची मुलगी. तिने तुमच्याकडे बघून काही ठरवलेलं नसतं, तिच्यासमोर एक स्क्रीन असते. बहुतेक कंपन्यांच्या त्या स्क्रीनमागे टिमॅटिक नावाचा नियमांचा साठा असतो. आयाटा ही विमान कंपन्यांची संघटना तो चालवते, आणि तो १९६३ पासून आहे. चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर कंपनीला त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं, वर दंड बसतो. म्हणून ती मुलगी तुमच्या मुलाचं, माझं, कुणाचंही ऐकत नाही. स्क्रीनवर हिरवं दिसलं तर बोर्डिंग पास, नाहीतर बाजूला उभे राहा.

हाच साठा आपल्यालाही बघता येतो. आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटर या साइटवर फुकट विचारता येतं, आणि बऱ्याच मोठ्या विमान कंपन्या त्यांच्या साइटवर 'व्हिसा आणि पासपोर्ट' किंवा 'प्रवासाची कागदपत्रं' अशा नावाखाली तीच खिडकी ठेवतात. तुमचं तिकीट ज्या कंपनीचं, तिच्याच साइटवरून बघितलेलं बरं. कागदावरच्या पाच गोष्टींतल्या बहुतेक तिथे भराव्या लागतात.

उत्तर इंग्रजीत येतं आणि ते जरा सरकारी खाक्याचं असतं. पासपोर्ट, व्हिसा, आरोग्य असे भाग असतात. आपल्याला आरोग्याचा भाग हवा. त्यात दोन शब्द नीट पाहायचे: 'रिक्वायर्ड' असेल तर सक्ती, 'रिकमेंडेड' असेल तर सल्ला. एका आजोबांनी 'रिकमेंडेड' वाचून पाच लशी घ्यायची तयारी केली होती. दंड थोपटून बसले होते बिचारे.

नकाशे बघा, पण भरवसा ठेवू नका

कोविडच्या काळात स्कायस्कॅनर, कयाक अशा तिकिटांच्या साइट्सनी रंगीत नकाशे काढले होते. हिरवा देश खुला, लाल देश बंद. युरोपीय आयोगानेही १५ जून २०२० ला 'री-ओपन ईयू' नावाची साइट सुरू केली, तिच्यावर एकेका देशाचं पान होतं. नजर टाकायला छान. कुठे जायचं हेच ठरलं नसेल तर अशा नकाशासारखं दुसरं काही नाही. पण नकाशाला एका देशासाठी एकच रंग असतो, तुमच्या पाच गोष्टी त्याला माहीत नसतात.

ब्रिटनचंच बघा. ८ ऑगस्ट २०२१ ला भारत लाल यादीतून पिवळ्या यादीत आला. नकाशाचा रंग बदलला, आमच्या दुकानात पेढे आले. मग कळलं की दोन डोस झालेल्यांना विलगीकरणातून जी सूट होती ती भारतात घेतलेल्या लशीला नव्हती. कोव्हिशील्ड तीच, ऑक्सफर्डची, पण भारतातलं प्रमाणपत्र त्यांना चालत नव्हतं. तो वाद सप्टेंबरभर चालला. ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटनहून येणाऱ्या ब्रिटिश नागरिकांना दहा दिवस विलगीकरण लावलं, ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोव्हिशील्ड घेतलेल्या भारतीयांना सोडलं, आणि दोनच दिवसांनी आपणही आपला नियम मागे घेतला. त्या आठवड्यात नकाशा बघून निघालेल्याचं काय झालं असतं, विचार करा.

मूळ सरकारी पान, आणि ते कुणासाठी आहे

टिमॅटिकचं उत्तर मिळालं की ते जायच्या देशाच्या सरकारी पानाशी ताडून बघायचं. इमिग्रेशन खातं किंवा आरोग्य खातं. गूगलमध्ये शोधल्यावर वर येणाऱ्या पहिल्या दोनतीन ओळी बहुतेक वेळा जाहिराती असतात, त्या सोडून द्या. पत्ता बघा: ब्रिटनचा 'गव्ह डॉट यूके'ने, सिंगापूरचा 'गव्ह डॉट एसजी'ने, भारताचा 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन'ने संपतो. मधे कुठेतरी 'गव्ह' घुसवलेलं पुरत नाही, शेवट तोच हवा.

इथे एक गंमत होते, आणि शिकलेली माणसंही फसतात. ब्रिटन सरकारच्या 'परदेश प्रवास सल्ला' या विभागात प्रत्येक देशाचं पान आहे, सोप्या भाषेत, नीट मांडलेलं. कुणीतरी त्यातलं भारताचं पान उघडतो आणि लंडनला जायचे नियम म्हणून वाचतो. ते पान इंग्रजांनी भारतात येताना काय करावं यासाठी आहे! पानाच्या सुरुवातीला ते कुणासाठी लिहिलंय हे दिलेलं असतं. ते एक वाक्य वाचल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

दुसरी नजर तारखेवर. 'शेवटचा बदल' कधीचा आणि नियम 'लागू' कधीपासून, या दोन वेगळ्या तारखा असतात. त्यातही वेळ कुठल्या देशाची हे बघा. ब्रिटनची लाल यादी लागू झाली ती तिथल्या पहाटे चारला, म्हणजे आपल्या सकाळी साडेआठला. आणि मोजायचं ते पोचण्याच्या वेळेवरून, निघण्याच्या नाही. विमान इथून वेळेत सुटलं म्हणजे सुटलो असं होत नव्हतं.

एका देशात दोन पानं असू शकतात, हेही दुबईनेच शिकवलं. दुबईत उतरायचं तर परवानगी एका खात्याची, अबुधाबी-शारजाला उतरायचं तर दुसऱ्याची. पुढे टॅक्सीने तासा-दीड तासात जाता येतं, पण कागद विमान जिथे टेकतं तिथला लागायचा.

तासांचा हिशेब

हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्वतः तोंडघशी पडता पडता वाचले.

सप्टेंबर २०२१. आमच्या गल्लीतले काका-काकू दुबईला लेकीकडे निघाले होते. विमान मुंबईहून गुरुवारी पहाटे ४.२५ चं. नियम असा होता: स्वॅब दिल्यापासून ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर, रिपोर्टवर क्यूआर कोड, आणि शिवाय विमान सुटायच्या आधीच्या सहा तासांत विमानतळावर रॅपिड चाचणी. मी नेहमीप्रमाणे उलटं मोजलं. गुरुवार ४.२५ मधून ४८ तास गेले की मंगळवार पहाटे ४.२५. म्हणजे मंगळवारी सकाळी स्वॅब, बुधवारी सकाळी रिपोर्ट, दुपारी बाराला सांगली सोडायची, रात्री नऊपर्यंत विमानतळ, साडेदहानंतर रॅपिड. चोख.

लॅबवाल्या मुलाने मंगळवारी दहाला घरी येऊन स्वॅब नेला. बुधवारी नऊला पीडीएफ आली, निगेटिव्ह. मी 'निगेटिव्ह' वाचलं, नाव आणि पासपोर्ट नंबर ताडले, दोन प्रती काढून दिल्या.

काका एसटीतून रिटायर झालेले, डेपोत चाळीस वर्षं वेळापत्रक वाचलेला माणूस. कराडच्या पुढे गाडी गेल्यावर त्यांनी चष्मा लावून रिपोर्ट पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि मला फोन लावला. "अगं, यात नमुना सोमवारी संध्याकाळी ६.१० ला घेतला लिहिलंय की." मी पीडीएफ उघडली, आणि माझ्या पोटात गोळा आला. आम्ही सोमवारी संध्याकाळी फोनवर नाव नोंदवलं होतं, लॅबच्या कॉम्प्युटरने तीच वेळ नमुन्याची म्हणून छापली. सोमवार ६.१० पासून गुरुवार ४.२५ म्हणजे अठ्ठावन्न तास झाले. स्वॅब वेळेत होता, कागद नव्हता, आणि काउंटरवर चालतो तो कागद.

लॅबला चार फोन केले. दुपारी चारला दुरुस्त रिपोर्ट आला, नव्या क्यूआर कोडसह. काकांनी साताऱ्यात झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढली आणि जुनी प्रत तिथेच टराटरा फाडली. ते बरं केलं. दोन प्रती जवळ असत्या तर घाईत नक्की चुकीची हातात आली असती.

तेव्हापासून माझी रीत ठरली. रिपोर्ट हातात आला की त्यावर छापलेल्या तिन्ही वेळा बघायच्या: नमुना घेतल्याची, तपासणीची, रिपोर्ट दिल्याची. नियमात यातली कुठली धरलीय ते आधी वाचायचं. मग क्यूआर कोड दुसऱ्याच्या फोनने स्कॅन करायचा, आणि त्यातून खरोखर तोच रिपोर्ट उघडतो का बघायचं. काही कोड नुसतेच लॅबच्या साइटच्या पहिल्या पानावर नेऊन सोडायचे. तासांचा हिशेब डोक्यात करू नका. फोनमध्ये अलार्मच्या शेजारी जागतिक घड्याळ असतं, त्यात जायचं शहर घालून ठेवा आणि उलट मोजणी कागदावर मांडा.

(दुबईने ती विमानतळावरची रॅपिड चाचणी फेब्रुवारी २०२२ मध्ये काढून टाकली. काकूंना नातू झाला होता तोवर, चांगला चार महिन्यांचा.)

नावाचंही असंच. आपल्याकडे पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, आधारवर नाही, आणि कोविनवर लस देणाऱ्या मुलीने ऐकलं तसं. प्रमाणपत्रावर पासपोर्ट नंबर जोडायची सोय २०२१ च्या जूनपासून झाली, पण स्पेलिंग जुळलं नाही तर उपयोग नव्हता. कुठलंही आरोग्याचं कार्ड असो, नाव पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाच्या दोन ओळींत जसं छापलंय तसंच लिहून घ्या.

मधला थांबा आणि जवळची हद्द

ट्रान्झिट वेगळं तपासा. टिमॅटिकमध्ये थांब्याचं शहर भरलं नाही तर उत्तर अर्धवट येतं. दोन वेगळी तिकिटं काढली असतील, मधे सामान घेऊन पुन्हा चेक-इन करायचं असेल, तर तुम्ही त्या देशात शिरलातच. मग तिथले सगळे नियम लागू. २०२१ मध्ये कॅनडाने भारतातून थेट विमानं बंद ठेवली होती, एप्रिलच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. तेव्हा तिसऱ्या देशात थांबून तिथली चाचणी घेतल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. अशा वेळी मधला थांबा हाच मुख्य प्रवास होऊन बसतो.

परदेशाचं राहू द्या, आम्हा सांगली-कोल्हापूरच्या लोकांना कर्नाटकात निपाणीला मावशीकडे जायचं तरी कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआर दाखवावा लागत होता. राज्याराज्यांचे नियम टिमॅटिकमध्ये नसतात. त्यासाठी राज्याच्या आरोग्य किंवा महसूल खात्याचा आदेश आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची साइट हीच दोन ठिकाणं. आदेश कन्नडमध्ये असला तर फोनमध्ये गूगल लेन्स उघडा, पीडीएफवर धरा, भाषांतर समोर येतं. भाषांतर वेडंवाकडं असतं, पण तारीख, तास आणि 'किंवा' आहे की 'आणि' आहे, एवढं कळलं तरी भागतं. 'चाचणी किंवा दोन डोस' आणि 'चाचणी आणि दोन डोस' यात पाचशे रुपयांचा आणि एका दिवसाचा फरक असायचा.

केंद्र एक सांगतं आणि राज्य दुसरं, असंही होतं. ओमायक्रॉन आल्यावर केंद्राचे नियम १ डिसेंबर २०२१ पासून लागू व्हायचे होते, आणि आदल्याच दिवशी महाराष्ट्राने त्याहून कडक आदेश काढला. केंद्राने पत्र लिहिलं, राज्याने २ तारखेला आदेश बदलला. मधल्या दोन दिवसांत मुंबईत उतरणाऱ्यांना काय सांगायचं हे मला कळत नव्हतं. मी एकच सांगितलं: दोन्ही आदेश छापून घ्या आणि जास्त कडक असेल त्याची तयारी ठेवा. अजूनही तेच सांगते.

फुकटच्या फॉर्मला पैसे देऊ नका

आपल्याकडे परदेशातून येणाऱ्यांसाठी 'एअर सुविधा' फॉर्म होता, तो नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. नंतर चीन, जपान, थायलंड अशा सहा ठिकाणांहून येणाऱ्यांसाठी काही आठवडे परत आला, मग पुन्हा गेला. तो फुकट होता, तरी भरून द्यायचे हजार रुपये घेणारे होते. आताही सिंगापूरचं अरायव्हल कार्ड आणि १ मे २०२५ पासून आलेलं थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड फुकट आहे, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. पण हुबेहूब दिसणाऱ्या खासगी साइट्स त्याचे डॉलर मागतात. फॉर्मने क्रेडिट किंवा डेबिट कार्डाचा नंबर मागितला की मागे फिरा आणि पत्त्याचा शेवट पुन्हा वाचा. व्हॉट्सॲपवर आलेल्या 'उद्यापासून नवा नियम' या निरोपासाठी पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाचं फॅक्ट चेक बघा. तिथे नसेल तर निरोपातला आदेश क्रमांक शोधा. क्रमांकच नसेल तर निरोप पुढे पाठवू नका.

नियम रोज बदलत असतील तेव्हा पान रोज उघडत बसायची गरज नाही. ब्रिटनच्या पानावर ईमेल देऊन ठेवता येतो, बदल झाला की निरोप येतो. इतर पानांसाठी व्हिज्युअलपिंग किंवा डिस्टिल या साधनात पत्ता टाकून ठेवा. आणि निघायच्या आदल्या दिवशी टिमॅटिकचं उत्तर आणि सरकारी पान, दोन्ही पीडीएफ करून छापा, वर तारीख-वेळ येईल असं. काउंटरवर वाद झाला तर फोन दाखवण्यापेक्षा कागद पुढे केलेला चालतो, शिवाय सुपरवायझरला बोलवायला तुमच्याकडे काहीतरी असतं.

शेवटी, परतीचा प्रवास. माझ्याकडे मसाईमाराला जाणारे ग्रुप येतात. भारतातून केनियाला जायचं तपासलं तर पिवळ्या तापाची लस सक्तीची दिसत नाही, आणि लोक साइट मिटून टाकतात. मग मी समोरच निघण्याचा देश केनिया आणि पोचण्याचा देश भारत असं उलटं भरून दाखवते. तिथे ती दिसते. आपला नियम आहे: पिवळ्या तापाच्या देशातून आलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरण. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते, आधी नाव नोंदवावं लागतं, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. परवा एक जण माझ्याकडे पिवळं कार्ड लॅमिनेट करायला घेऊन आला, त्यावर पासपोर्ट नंबर जुना, नूतनीकरणाच्या आधीचा. मी मशीन बंद केलं आणि त्याला आधी केंद्रावर पाठवलं. निघायला अजून नऊ दिवस होते.